ईमेलची परिभाषा : टपाल आणि कचेरी यांच्या मधोमध

ईमेलच्या पडद्यावरचे जवळजवळ सगळे शब्द उसने आहेत. पेटी, पत्ता, लिफाफा, पोच हे टपालखात्याकडून आले. मसुदा, प्रत, सहपत्र, स्वाक्षरी, फोल्डर हे कचेरीच्या टेबलावरून आले. नव्या यंत्राला जुन्या कामाची नावे दिली की ते लवकर अंगवळणी पडते, आणि ईमेल इतक्या झपाट्याने घरोघरी पोचले त्यात या ओळखीच्या नावांचा वाटा मोठा आहे. पण टपालात वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते. पाठवणाऱ्याकडे ती उरत नाही. कचेरीत कागदाच्या प्रती निघतात, त्या ठरलेल्या टेबलांवर जातात आणि मूळ कागद नस्तीत राहतो. ईमेलमध्ये तर काहीच कुठून उचलले जात नाही. प्रत्येक टप्प्यावर मजकुराची आणखी एक नक्कल तयार होते आणि आधीची नक्कल पुसली जाईपर्यंत जागच्या जागी राहते. पडद्यावरचे शब्द मात्र कधी टपालाचे नियम सुचवतात, कधी कचेरीचे. वापरणाऱ्याचा गोंधळ उडतो तो बहुतेक वेळा याच सांध्यावर, आणि त्याचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

हा सांधा सुरुवातीपासूनचा आहे. 1971 मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात बीबीएन या कंपनीत काम करणाऱ्या रे टॉमलिन्सन यांनी शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन पीडीपी-10 संगणकांमध्ये आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यातून निरोप पाठवला. त्याआधी एकाच संगणकावर काम करणारे लोक एकमेकांसाठी निरोप ठेवत असत. ज्याला ‘मेलबॉक्स’ म्हणत ती प्रत्यक्षात एक साधी फाइल होती. इतरांना तिच्या शेवटी मजकूर जोडता येई, पण आत काय आहे ते वाचता येत नसे. पेटीशी साम्य तेवढेच. टॉमलिन्सन यांनी माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह घातले. हेच चिन्ह आपल्याकडे बिलावर दराच्या आधी लिहिले जाई, म्हणून इथला माणूस आजही फोनवर पत्ता सांगताना ‘अ‍ॅट द रेट जीमेल डॉट कॉम’ असेच म्हणतो. व्यापाऱ्याच्या वहीतला दर पत्त्यात शिरला आणि कोणाचे काही अडले नाही. सगळीच उसनवारी इतकी निरुपद्रवी नाही.

ऑगस्ट 1982 मध्ये ईमेलचे दोन पायाभूत नियम एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांपैकी आरएफसी 822 (इंटरनेटचे नियम अशा क्रमांकांनी ओळखले जातात) हा डेव्हिड क्रॉकर यांनी लिहिला, आणि त्याचा पूर्वज 1977 चा आरएफसी 733 होता. ‘प्रति’, ‘प्रेषक’, ‘विषय’, ‘दिनांक’, ‘प्रत’ अशा रकान्यांचा हा साचा खासगी पत्राचा नाही. तो कचेरीतल्या ज्ञापनाचा आहे. दुसरा नियम, आरएफसी 821, जॉन पोस्टेल यांचा. त्याचे नाव एसएमटीपी. हे ज्ञापन एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसे न्यायचे ते तो सांगतो, आणि त्यातला विचार थेट टपालाचा आहे: पाठवणारा कोण, घेणारा कोण, पोचले नाही तर परत कुठे द्यायचे. म्हणजे प्रत्येक ईमेल हे लिफाफ्यात घातलेले ज्ञापन आहे. लिफाफ्यावर एक पत्ता असतो, आतल्या कागदावर दुसरा, आणि दोन्ही सारखेच असले पाहिजेत अशी मूळ नियमांत सक्ती नाही. मिळणाऱ्याला फक्त आतला कागद दाखवला जातो. लिफाफा वाटेतच टाकून दिलेला असतो. त्याची एखादी खूण पत्राच्या डोक्यावरच्या तांत्रिक ओळींत उरते, आणि त्या ओळी उघडून पाहणारे थोडे.

पत्त्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सोडले की पहिले स्थानक विठ्ठलवाडी. पुण्यात सिंहगड रस्त्यावरही एक विठ्ठलवाडी आहे. नुसते ‘विठ्ठलवाडी’ लिहिलेले पत्र यांपैकी कुठेही जाऊ शकते. कल्याण आणि उल्हासनगरचे पिनकोड 421 ने सुरू होतात, पुणे शहराचे 411 ने, आणि पत्राची वाट त्या आकड्यांनी ठरते. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी अमलात आली. ती आखणारे टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांवर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिले तीन आकडे पत्र वर्गीकरणाच्या जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवतात. घराचे आणि माणसाचे नाव वाचायचे काम शेवटी पोस्टमनचे.

ईमेलच्या पत्त्यातही असेच दोन भाग आहेत. ‘अ‍ॅट’च्या नंतरचा भाग वाटेतली यंत्रे वाचतात; आधीचा भाग फक्त शेवटचे, घेणारे यंत्र वाचते आणि त्याचा अर्थ आपल्या मर्जीने लावते. जीमेल आधीच्या भागातले टिंब मोजतच नाही. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टिंब दिले काय, न दिले काय, पेटी एकच. दुसऱ्या एखाद्या सेवेत तेच दोन वेगळे पत्ते ठरू शकतात. याखेरीज तिसरा एक भाग असतो, आणि सगळ्यात घातक तोच: पत्त्याशेजारी दिसणारे नाव. हे नाव पाठवणारा स्वतः लिहितो. वाटेत ते कोणी तपासत नाही, पत्र पोचवण्यात त्याचा काही उपयोग नाही. पण फोनच्या छोट्या पडद्यावर जागा वाचवण्यासाठी नेमके तेच ठळक दाखवले जाते आणि खरा पत्ता झाकला जातो. बँकेच्या नावाने येणारी बहुतेक फसवी पत्रे एवढ्यावरच चालतात. टपालात पिनकोड खरवडून टाकावा आणि फक्त ‘विठ्ठलवाडी’ ठेवावे, तसा हा प्रकार आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी सोयीच्या नावाखाली केलेली ही निवड चुकीची आहे. नाव दाबून पत्ता उलगडून पाहण्याची सवय वापरणाऱ्याने लावून घेण्यावाचून सध्या तरी इलाज नाही.

लिफाफा आणि कागद यांतला फरक एकदा लक्षात आला की ‘बीसीसी’चे, म्हणजे गुप्त प्रतीचे, कोडे सुटते. ज्याला गुप्त प्रत जाते त्याचे नाव लिफाफ्यावर असते, कागदावर नसते. म्हणून त्याला पत्र मिळते आणि इतरांना पत्ता लागत नाही. यात एक खाच आहे. गुप्त प्रत मिळालेल्याने ‘सर्वांना उत्तर’ दाबले की त्याचे उत्तर कागदावर नावे असलेल्या सगळ्यांना जाते, आणि गुपित त्याच क्षणी संपते. परत येणारी पत्रेही याच फरकामुळे कोड्यात टाकतात. न पोचलेले पत्र लिफाफ्यावरच्या प्रेषकाकडे परतते, कागदावरच्या नाही. कोणी लिफाफ्यावर भलत्याचा पत्ता घातला, तर न पाठवलेल्या पत्राचा ‘पोचले नाही’ असा निरोप त्या भलत्याच्या पेटीत येऊन पडतो, आणि आपले खाते कोणी फोडले की काय या काळजीने तो बिचारा पासवर्ड बदलत बसतो.

‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी. टंकयंत्रात दोन कागदांमध्ये निळा-काळा कार्बन घालून एकाच ठोक्यात दोन-तीन प्रती काढायच्या, हे काम महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत कित्येक दशके चालले. गोदरेजने भारतात टंकयंत्रे बनवायला 1955 मध्ये सुरुवात केली. कार्बनची प्रत मुळाबरोबरच जन्मते, हा तिचा गुण ईमेलमध्येही टिकला आहे. हरवला आहे तो प्रतींमागचा शिष्टाचार. शासकीय पत्राच्या तळाशी प्रती नुसत्या मोजत नाहीत. वरिष्ठ कार्यालयाला ‘माहितीसाठी सविनय सादर’, कनिष्ठाला ‘माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी’, आणि शेवटी ‘निवड नस्ती’, म्हणजे आपल्याच कार्यालयात जपायची प्रत. कोणाने वाचायचे आणि कोणाने हात हलवायचे ते कागद स्वतः सांगतो. ईमेलच्या ‘सीसी’त हे सगळे एका रकान्यात कोंबले गेले. ज्याला केवळ माहिती द्यायची आणि ज्याच्याकडून काम हवे आहे, ते दोघे शेजारीशेजारी बसतात. ‘सीसीत ठेव’ असे सांगणाऱ्याला नेमके काय अपेक्षित आहे हे त्यालाही अनेकदा ठाऊक नसते. ज्या कार्यालयांनी ईमेलच्या मजकुरातच ‘कार्यवाही’ आणि ‘माहितीसाठी’ अशी नावांची फोड करण्याची जुनी रीत चालू ठेवली, त्यांनी शहाणपणाचे केले.

पेटीच्या चित्राने वेगळाच घोळ घातला. अमेरिकेत घरासमोर खांबावर पत्र्याची पेटी असते. पोस्टमन त्यात पत्र टाकतो, आणि घरमालकाला पत्र पाठवायचे असेल तर तोही त्याच पेटीत ठेवून बाजूचा लाल झेंडा उभा करतो. ईमेलच्या अनेक कार्यक्रमांच्या चित्रांत हीच पेटी आली. आपल्याकडे रस्त्यावरची लाल पेटी फक्त टाकण्यासाठी असते. इमारतीच्या जिन्याखाली नावे रंगवलेल्या छोट्या पेट्यांची रांग असते, ती फक्त मिळण्यासाठी. झेंड्याचे तर कारणच कोणाला उमगत नाही. ईमेलमध्ये तो ‘याकडे पुन्हा बघायचे आहे’ अशी खूण झाला, म्हणजे मूळ अर्थापासूनही तुटला. ‘इनबॉक्स’ आणि ‘आउटबॉक्स’ हे शब्द मात्र घराच्या पेटीचे नाहीत. ते साहेबांच्या टेबलावरच्या दोन ट्रेंचे आहेत. 1981 मध्ये आलेल्या झेरॉक्स स्टार या संगणकाच्या पडद्यावर अशा दोन टोपल्या चित्ररूपाने होत्या. मराठी कचेरीला हे समजायला कष्ट नकोत, कारण आवक-जावक शाखा आणि तिची नोंदवही प्रत्येक कार्यालयात असते.

तरी ‘आउटबॉक्स’ फसवतो. जावक वहीत नोंद झाली म्हणजे पत्र गेले असे मानले जाते. ईमेलमध्ये आउटबॉक्स म्हणजे अजून न गेलेले पत्र. विठ्ठलवाडीला सकाळची लोकल पकडून गर्दीत एका हाताने अर्जाचे उत्तर पाठवणाऱ्याच्या फोनवर, नेटवर्क नसताना, पत्र पडद्यावरून नाहीसे होते आणि आउटबॉक्समध्ये थांबते. फोन नेटवर्कमध्ये येईपर्यंत ते तिथेच असते. मधल्या काळात बॅटरी संपली तर संध्याकाळपर्यंतही. पाठवणाऱ्याच्या मनात मात्र काम झालेले असते. मुदतीच्या दिवशी हा फरक महागात पडतो. ‘पाठवलेले’ या कप्प्यात पत्र दिसले तरच ते निघाले असे धरावे, आणि तिथेही एक अपवाद आहे: काही कार्यक्रम आधी पत्र रवाना करतात आणि मग त्याची स्थळप्रत दुसऱ्या फेरीत सर्व्हरवर ठेवतात. ही दुसरी फेरी फसली तर पत्र गेलेले असते, प्रत नसते.

नकला किती होतात हे पाहायला झेरॉक्सच्या दुकानासारखी जागा नाही. कल्याण पूर्व आणि विठ्ठलवाडीच्या स्थानकाजवळच्या गल्ल्यांत अशी दुकाने आहेत. भिंतीवर दुकानाचा मेल आयडी चिकटवलेला असतो. गिऱ्हाईक आधारची पीडीएफ फोनवरून त्या पत्त्यावर पाठवते, दुकानदार ती उघडून छापतो, पाच रुपये घेतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘तेवढं डिलीट करा.’ दुकानदार समोरच डिलीट दाबतो, पत्र इनबॉक्समधून जाते, दोघांचे समाधान होते. प्रत्यक्षात या क्षणी ती फाइल गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये आहे, त्याच्या ‘पाठवलेले’मध्ये आहे, छापण्याआधी उतरवली असेल तर दुकानाच्या संगणकावरच्या ‘डाउनलोड्स’मध्ये आहे, आणि दुकानाच्या खात्यातही आहेच, फक्त इनबॉक्समधून ‘ट्रॅश’मध्ये गेली आहे. जीमेलमध्ये ट्रॅशमधली पत्रे 30 दिवसांनी आपोआप पुसली जातात. तोवर त्या संगणकावर बसणारा कोणीही ती उघडू शकतो. कागदाच्या जगात फाडलेला कागद फाटलेला असतो. इथे डिलीट म्हणजे एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवणे. कागदपत्रांची काळजी असणाऱ्याने ट्रॅश आणि डाउनलोड्स दोन्ही रिकामे करवून घ्यावेत, आणि जिथे चालते तिथे आधारचे शेवटचे चारच अंक दाखवणारी ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. यात दुकानदारावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. बटणाचे नाव जे सांगते ते बटण करत नाही, एवढेच.

सहपत्राविषयीही असाच एक गैरसमज आहे. शासकीय पत्रात ‘सोबत : वरीलप्रमाणे’ लिहून जोडलेले कागद लिफाफ्यात पत्राशेजारी असतात. ईमेलमधली जोडलेली फाइल पत्राच्या पोटातच, अक्षरांत रूपांतर होऊन बसते. हा नियम, एमआयएमई, 1992 मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी घातला. रूपांतरात फाइल सुमारे एकतृतीयांशाने फुगते. तीन बाइटांची चार अक्षरे होतात. 25 एमबीची मर्यादा असलेल्या सेवेत 22 एमबीची फाइल कधीकधी का अडते, त्याचे कारण हे. फाइल फार मोठी असली की काही सेवा फाइलऐवजी दुवा पाठवतात, आणि मग मिळणाऱ्याकडे फाइल नसतेच. असते ती पाहण्याची परवानगी. पाठवणाऱ्याने उद्या ती परवानगी काढून घेतली तर पत्र राहते, सहपत्र जाते.

‘फाइल’ या शब्दानेच मराठी कारकुनाला सुरुवातीला सगळ्यात जास्त छळले असेल. कचेरीत फाइल म्हणजे नस्ती: एका विषयाचे सगळे कागद दोऱ्याने बांधून, पाने क्रमाने घातलेली. संगणकात फाइल म्हणजे एकच कागद, आणि कागदांचा गठ्ठा म्हणजे फोल्डर. फाइलीत फाइल ठेव, असे सांगितले तर काय करायचे?

महाराष्ट्रातल्या कार्यालयांत कागद लावण्याची सहा गठ्ठे पद्धत आहे. तिच्याकडे ईमेलच्या संदर्भात फार कमी लक्ष गेले, आणि हे खेदाचे आहे. पहिल्या गठ्ठ्यात ज्यांवर आता काम चालू आहे ती प्रकरणे. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्याकडून उत्तर यायचे आहे ती. तिसऱ्यात ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिके. चौथ्यात स्थायी आदेश. पाचव्यात अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणे, आणि सहाव्यात नष्ट करायचे कागद. कुठल्याही ईमेल पेटीसमोर बसून ही सहा नावे म्हणून पाहावीत. पहिला गठ्ठा इनबॉक्स. ‘स्नूझ’ करून पुढच्या तारखेला परत आणलेले पत्र दुसऱ्या गठ्ठ्याच्या जवळ जाते. पाचवा ‘अर्काइव्ह’, सहावा ‘ट्रॅश’. फरक असा की सहा गठ्ठ्यांमागे कामाचा विचार आहे, आणि ईमेलच्या कप्प्यांमागे बहुधा सॉफ्टवेअरच्या सोयीचा. नष्ट करण्याचेही कचेरीत नियम आहेत. ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10, ‘क-1’ 5 आणि ‘ड’ वर्गाचे एक वर्षच. ईमेलमध्ये असा वर्ग कोणी लावत नाही. म्हणून लग्नाचे आमंत्रण आणि खरेदीखताची प्रत एकाच वयाची होऊन पडून राहतात.

‘अर्काइव्ह’ हा या परिभाषेतला सगळ्यात निसरडा शब्द आहे. जीमेल 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाले तेव्हा त्याने फोल्डरची कल्पनाच मोडीत काढली आणि लेबले आणली. इनबॉक्स हेसुद्धा एक लेबल. एका पत्राला पाच लेबले लावता येतात आणि तरी पत्र एकच असते. अर्काइव्ह दाबले की फक्त इनबॉक्सचे लेबल निघते. पत्र ‘सर्व मेल’मध्ये जागच्या जागी असते. एका लेबलाखाली ते डिलीट केले तर मात्र सगळ्या लेबलांखालून जाते, कारण ते कधी पाच ठिकाणी नव्हतेच. आउटलुकमध्ये अर्काइव्हचे बटण पत्र त्याच नावाच्या फोल्डरमध्ये हलवते. त्याच आउटलुकमधले ‘ऑटोअर्काइव्ह’ जुनी पत्रे सर्व्हरवरून काढून त्या एका संगणकावरच्या फाइलमध्ये नेऊन ठेवते. तो संगणक बिघडला तर अभिलेख कक्षच जळाल्यासारखे होते. एकच शब्द, तीन वेगळ्या क्रिया, आणि तिसरी धोक्याची. शिवाय जीमेलच्या अर्काइव्हने जागा रिकामी होत नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून फुकट मिळणारी 15 जीबी भरली की नवी पत्रे येणे बंद होते, आणि ‘सगळे अर्काइव्ह केले तरी भरलेलेच दाखवते’ ही तक्रार सुरू होते. जागा पत्रे पुसली आणि ट्रॅश रिकामा केला तरच मिळते.

पेटी नेमकी कुठे आहे, हा प्रश्न त्याआधीचा. पीओपी, म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, 1984 मध्ये आला. नाव टपाल कार्यालयाचे आणि वागणूकही तशीच: जा, पत्रे घरी घेऊन या, कार्यालयातली जागा रिकामी करा. व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा फोनच्या तारेवरून जोडणी करून पत्रे ओढून घ्यायची, जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचायची, या खर्चिक काळाला ही पद्धत साजेशी होती. त्यानंतर लोकप्रिय झालेल्या आयमॅपमध्ये पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि फोन, लॅपटॉप, कचेरीतला संगणक तिघेही तीच पेटी पाहतात. जुना संगणक पीओपीवर आणि नवा फोन आयमॅपवर ठेवला की पत्रे ‘गायब’ होतात: संगणकाने ती घरी नेलेली असतात. आयमॅपमध्ये डिलीट म्हणजे आधी फक्त खूण करणे. प्रत्यक्ष पुसणे ही त्यानंतरची वेगळी पायरी. काही कार्यक्रमांत डिलीट केलेली पत्रे अजून रेघ मारून यादीत दिसतात ती याच कारणाने.

पुढे पाठवणे हे टपालात आणि ईमेलमध्ये उलट अर्थाचे आहे. घर बदललेल्याच्या नावाचे पत्र आले तर पोस्टमन पत्ता खोडून नवा लिहितो आणि तेच पत्र पुढे जाते. कचेरीत पत्र अग्रेषित करताना पृष्ठांकन करून मूळ कागद पाठवतात. ईमेलमध्ये ‘फॉरवर्ड’ केले की पूर्णपणे नवे पत्र तयार होते, नव्या प्रेषकाच्या नावाने, आणि मूळ मजकूर त्यात केवळ उतरवलेला असतो. त्यातला शब्द कोणीही बदलू शकतो, तारीखही. पुढे पाठवलेल्या मजकुरावरून कोणाला जाब विचारण्याआधी मूळ पत्र पाहिले पाहिजे, हे सोसायट्यांच्या भांडणांत वारंवार विसरले जाते. मूळ पत्र जसेच्या तसे हवे असेल तर ते ‘जोडपत्र म्हणून’ मागवावे. मग त्याच्या डोक्यावरच्या तांत्रिक ओळीही येतात. त्या ओळींमध्ये वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने आपली वेळ लिहिलेली असते, सगळ्यात अलीकडची सगळ्यात वर. टपालाच्या शिक्क्यांचे काम त्या करतात. पडद्यावर दिसणारी ‘दिनांक’ची ओळ मात्र पाठवणाऱ्याच्या यंत्राने लिहिलेली असते, आणि त्याचे घड्याळ चुकले असेल तर तीही चुकते.

पोच हा कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात जड शब्द. कचेरीत अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का आणि सही घेतात. तिथे दिले, मिळाले आणि मानले हे तिन्ही एका क्षणात होते. ईमेलमध्ये ते तीन वेगळे प्रसंग आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 च्या कलम 13 प्रमाणे, दोन पक्षांत वेगळे ठरलेले नसेल तर, पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक यंत्रणेत पत्र शिरले की ते रवाना झाले असे मानतात. घेणाऱ्याने यंत्रणा नेमून दिली असेल तर तीत शिरले की ते मिळाले. घेणाऱ्याने ते उघडले का, हा प्रश्न तिथे येत नाही. ‘रीड रिसीट’ ही त्याहून निराळी गोष्ट: ती द्यायची की नाही हे घेणाऱ्याच्या हातात असते, आणि ती मिळाली तरी पत्र पडद्यावर उघडले गेले एवढेच कळते. कलम 12 पोच कशी द्यायची ते सांगते. पाठवणाऱ्याने पोचेची अट घातली असेल तर ती मिळेपर्यंत पत्र बंधनकारक होत नाही. महत्त्वाच्या पत्रात ‘मिळाल्याचे उलट टपाली कळवावे’ हे जुने वाक्य लिहिणे म्हणूनच आजही उपयोगाचे आहे. मागे घेण्याच्या सोयीवर मात्र विसंबू नये. जीमेलची ‘अनडू’ पत्र फार तर 30 सेकंद रोखून धरते, म्हणजे ते गेलेलेच नसते. आउटलुकचे ‘रिकॉल’ एकाच संस्थेच्या आत चालते, बाहेरच्या पेटीतून ते काही ओढून आणू शकत नाही.

स्वाक्षरीबद्दल थोडक्यात. पत्राच्या तळाशी आपोआप येणारे नाव, हुद्दा आणि फोन यांना ईमेलमध्ये ‘स्वाक्षरी’ म्हणतात. तो केवळ ठरीव मजकूर आहे. कायद्याला अभिप्रेत असलेली डिजिटल स्वाक्षरी ही प्रमाणपत्रावर आधारलेली गणिती खूण असते, तिची तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम 3 मध्ये आहे, आणि ती लावल्यावर मजकुरातले एक अक्षर बदलले तरी पकडले जाते. ‘मसुदा’ या शब्दातही असेच अंतर आहे. कचेरीत मसुदा मान्यतेसाठी वर जातो. ईमेलचा मसुदा कोणाच्याही मान्यतेविना एका बोटाने रवाना होतो.

उरला तो लिपीचा प्रश्न. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले पत्रही अनेक वर्षे रोमन पत्त्यावरच जात आले. पत्त्यातच देवनागरी अक्षरे चालावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम 2012 मध्ये ठरले. ‘डॉट भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम 27 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झाले, आणि 2016 मध्ये जयपूरच्या एका कंपनीच्या डेटामेल सेवेने भारतीय भाषांत पत्ते द्यायला सुरुवात केली. असे पत्र पोचायला वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला नवे नियम कळावे लागतात; एकाला जरी कळले नाहीत तरी पत्र परत येते. जीमेल अशा पत्त्यांवर पत्रे पाठवते आणि त्यांच्याकडून घेते, पण असे पत्ते स्वतः देत नाही. अनेक संकेतस्थळांचे अर्ज देवनागरी पत्ता ‘अवैध’ म्हणून नाकारतात. शुद्धलेखन हा त्यातला आणखी एक पेच. ‘विठ्ठल’ कोणी ठ्ठ ने लिहितो, कोणी ट्ठ ने. वाचणाऱ्याला दोन्ही एकच. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावे, दोन वेगळ्या पेट्या. रोमनमध्येही विठ्ठलवाडीला एक टी की दोन, हा प्रश्न आहेच. देवनागरी पत्ता घेणाऱ्याने लोक चुकून जे रूप लिहितील तेही आपल्याच नावावर नोंदवून ठेवणे, आणि दोन्हींची पत्रे एका पेटीत वळवून घेणे, हा आजचा व्यवहार्य मार्ग आहे.